डंकेवाल्यांचं युअर्स सिन्सिअरली

दसऱ्याची स्वारी नया बाजारात अडकली की बाहेरगावची माणसं घाबरून विचारत, "काय झालं? काही अपशकुन?" लष्कर या आमच्या शहरातली माणसं सांगत, "काही नाही, घोडी इमरती खातेय."

त्या घोडीचं नाव बिजली. तिच्या दोन्ही बाजूंना नगारे, मधे हातात टिपऱ्या घेतलेले महिपतराव डंकेवाले, आणि त्यांच्या मागं झाडून सगळी दौलत: निशाणाचा हत्ती, पलटणी, सरदार, अंबारी. मांढरेच्या मातेकडं शमीपूजनाला निघालेली ही एवढी स्वारी हरप्रसाद हलवायाच्या दुकानासमोर थांबायची, कारण बिजली थांबायची. ताटातली गार इमरती तिला चालत नसे. हरप्रसादनं एकदा देऊन पाहिली, तर तिनं ती तोंडात धरून त्याच्याच पगडीवर नेऊन ठेवली. कढईतलीच लागे. एका वर्षी कढई तापायला उशीर झाला आणि अंबारीच्या हत्तीला उभ्या उभ्या डुलकी लागली. हत्ती घोरू लागला तशी सराफ्यातल्या तराजूंची पारडी हलली. खोटं वाटत असेल तर तिथल्या कुणाही सराफाला विचारा. आपला तराजू हलतो असं तो कबूल करणार नाही, तो भाग वेगळा.

डंक्याचा हा मान महिपतरावांच्या पणजोबांनी मिळवलेला. दख्खनेतून फौजेबरोबर आलेलं हे घराणं. पुढं जमीन भाऊबंदकीत गेली, पागा दाण्यापायी गेली, उरली एक घोडी आणि हा एक मान. त्या मानावरूनच घराला नाव पडलेलं. मूळचं आडनाव विचारलं तर महिपतराव जरा आठवून सांगत. वर्षातला एक दिवस ते साऱ्या राज्याच्या पुढं चालत, आणि बाकीचं वर्ष त्या एका दिवसावर काढत.

त्यांच्या मागच्या दाराला लागून एक बोळ होता, आणि बोळाच्या पलीकडं भालचंद्राच्या घराचं मागचं दार. भालचंद्राचे वडील देवघरातले उपाध्ये. घरात कांदा आला तरी शांत करावी लागे इतकं सोवळं. आणि नेमक्या त्या घरातल्या पोराला महिपतरावांच्या सुधाताईंच्या हातच्या मटणाच्या रश्श्याचा नाद लागला. कसा लागला देव जाणे. वाऱ्याची दिशा, दुसरं काय!

पण पोरगं हुशार. रश्श्याचा वास आला की शौचाला निघाल्यासारखं जानवं कानाला अडकवायचं, हातात तांब्या घ्यायचा आणि मागच्या दारानं निघायचं. कानाला जानवं असलेल्या माणसाला कुणी हटकत नाही, कुठं निघालास विचारत नाही, त्याच्याशी बोलतही नाही. बोळ ओलांडला की तांब्या बाहेर आणि भालचंद्र आत. घरचे म्हणत, पोराचं पोट बिघडलंय. वैद्यानं बेलफळाचा मोरंबा चालू केला. मोरंबाही तो खाई. त्यानं भूक आणखी वाढे.

महिपतराव हे गुपित असं सांभाळत की काय विचारता. भालचंद्र जेवत असला की स्वतः दारात बसून मिशीला पीळ भरत. कुणी आलंच तर म्हणत, "आत सुधाचं सोवळं चाललंय." मराठ्याच्या घरात सोवळं! पण मिशी एवढी मोठी होती की पुढं विचारायची कुणाची छाती होत नसे.

भालचंद्र त्यांच्याहून लहान. त्यांना 'दादा' म्हणायचा, सुधाताईंना 'वहिनी'. शिकला, इंग्रजीत चांगला निघाला. आणि या घरात त्यानं जे खाल्लं त्याच्या बदल्यात त्यानं महिपतरावांना इंग्रजी दिलं. सगळं नाही. शेपटीपुरतं.

झालं असं की मुरारच्या छावणीतल्या कुणा गोऱ्या कप्तानानं बिजलीला पाहिलं आणि खूश होऊन महिपतरावांना पत्र लिहिलं. पत्र भालचंद्रानं वाचून दाखवलं. महिपतरावांना उत्तर स्वतःच्या हातानं द्यायचं होतं. मजकूर त्यानं लिहावा, पण शेवट आपण करणार. ओट्यावर पाटी घेऊन धडा चालला होता आणि मी, त्या ओट्यावरचा रोजचा गप्पिष्ट, समोर शेंगा सोलत होतो.

"दादा, ज्याची ओळख नाही त्याला लिहायचं, युअर्स फेथफुली. आणि ओळखीचा असेल तर, युअर्स सिन्सिअरली."

"अर्थ सांग."

"फेथफुली म्हणजे इमानानं. सिन्सिअरली म्हणजे मनापासून."

महिपतराव विचारात पडले. "ओळख ना देख, त्याला इमान दाखवायचं? आणि घरच्या माणसाला?"

"घरच्या माणसाला इमान लिहून दाखवावं लागत नाही, दादा."

"वा!" महिपतरावांनी मांडीवर थाप मारली. तबेल्यात बिजली दचकली. "बघ की, आपल्यात नातं पत्राच्या डोक्यावर. तीर्थरूप काय, चिरंजीव काय, राजमान्य राजश्री काय. पहिल्या ओळीत कळतं कोण कुणाचा. इंग्रज मात्र शेपटीला सांगतो. म्हणजे इंग्रजाचं पत्र आलं की आधी शेपूट बघायचं."

"बस, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं," भालचंद्र म्हणाला. "अर्ध्या कचेरीला तेवढंही कळत नाही."

त्या दिवसापासून महिपतरावांना सिन्सिअरलीनं झपाटलं. वैद्याला चिठ्ठी, युअर्स सिन्सिअरली. नालबंदाला चिठ्ठी, युअर्स सिन्सिअरली. तबेल्याच्या भिंतीवर कोळशानं इतक्यांदा लिहिलं की बिजली ते वाचून मगच चंदीला तोंड लावू लागली. हरप्रसाद हलवाई एकदा चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आला. "बाबूजी, ये नीचे क्या लिक्खा है? रावसाहब नाराज तो नहीं?" मी सांगितलं, मनापासून तुझा असं लिहिलंय. त्यानं चिठ्ठी गल्ल्यावर गणपतीशेजारी लावली. फेथफुली मात्र महिपतरावांनी कुणाला लिहिलं नाही. लष्करात त्यांच्या अनोळखी असं कुणी नव्हतंच.

वर्षं गेली. पहिलं महायुद्ध संपलं त्याच्या आसपासची गोष्ट. मानमरातबांच्या कचेरीत बाहेरगावचे एक साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, मोडी तर दूरच. मोडीचा कागद त्यांनी एकदा उलटा धरून, नकाशा समजून, नीट घडी घालून कपाटात ठेवला होता. त्यांनी हुकूम काढला: दसऱ्याच्या स्वारीतले जेवढे वंशपरंपरेचे मान आहेत त्यांनी इंग्रजीत अर्ज करावा. नवरात्राच्या घटस्थापनेपर्यंत अर्ज मंजूर झाला तर मान चालू, नाहीतर बंद.

गावात धांदल उडाली. छत्रीवाले, मोरचेलवाले, चवरीवाले, सगळे इंदरगंजात अर्ज लिहून घ्यायला रांगा लावू लागले. महिपतराव मात्र ओट्यावर पान लावत बसलेले, कारण त्या कचेरीतला हेडक्लार्क होता भालचंद्र. अर्ज त्याच्याच टेबलावर जायचे.

मी त्याच कचेरीत नकला उतरवायचो. महिपतरावांच्या अर्जाचा मजकूर मीच करून दिला: पणजोबा, सनद, डंका, घोडी. इमरतीचा उल्लेख गाळला. शेवट करायला लेखणी त्यांच्या हातात दिली तेव्हा मी म्हणालो, "रावसाहेब, हा कचेरीचा कागद आहे. इथं फेथफुली लिहा."

"कागद कुणाच्या हातात जाणार?"

"भालचंद्राच्या."

"मग? भाल्याला फेथफुली लिहू? उद्या तो म्हणेल, दादा, मी शिकवलं ते वाया गेलं." आणि त्यांनी जीभ दातांत धरून, टाक असा दाबून की खालची घडवंची करकरली, लिहिलं: युअर्स सिन्सिअरली, महिपतराव डंकेवाले. अक्षर बिजलीच्या टापांसारखं, पण चूक एक नाही.

आता कचेरीत काय झालं ते ऐका. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि यात हत्ती नाही.

त्या सकाळी साहेब आधीच तापलेले होते. एका कारकुनानं आपल्या साडूचा मान गुपचूप पुढं सरकवल्याचं उघडकीला आलं होतं, आणि साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून झाडलं होतं. नियम साधा होता. अर्ज ओळखीच्या माणसाचा असेल तर तसं सांगायचं, म्हणजे तो कागद दुसऱ्या टेबलावर जाई. बाकी काही नाही. साहेब टेबलं फिरत फिरत भालचंद्राजवळ आले आणि वरचाच अर्ज उचलला. मजकूर वाचला, मान हलवली. मग शेवट पाहिला आणि भुवई वर गेली.

"सिन्सिअरली? हा गृहस्थ तुमच्या ओळखीचा आहे?"

कचेरीत पंखा ओढणारासुद्धा थांबला. भालचंद्राला त्याच महिन्यात बढती मिळायची होती. होय म्हटलं असतं तर कागद उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवला असता, इतकंच. होय म्हटलं असतं तर साहेबांनी कदाचित विचारलं असतं, कशी ओळख? शेजारी, म्हणता आलं असतं. पण माणूस एकदा मागच्या दारानं गेला की त्याला प्रत्येक प्रश्न त्या दाराकडंच निघालेला दिसतो.

भालचंद्र म्हणाला, "नाही साहेब. मी या माणसाला ओळखत नाही."

"मग ही सलगी कशासाठी?"

"अडाणी लोक, साहेब. कोणाला काय लिहावं कळत नाही. कुठंतरी पाहिलेलं उतरवतात."

साहेबांनी अर्ज टेबलावर टाकला. "नमुन्याप्रमाणे नाही. नामंजूर. डंका बँडवाल्यांकडे द्या." आणि पुढं गेले.

संध्याकाळी मी धावत महिपतरावांकडं गेलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते बिजलीला खरारा करत होते. ऐकून घेतलं, आणि हसले.

"अरे गप्प्या, हत्ती घोरतो हे मी तुझं ऐकून घेतलं. कारण हत्ती माझा नव्हता."

"रावसाहेब, आईशपथ."

"गेल्या वर्षी माधवरावांच्या विहिरीत मगर निघाली, तेव्हाही आईचीच शपथ होती."

"ती घोरपड होती, कबूल. पण हे..."

"बस कर. भाल्या मला ओळखत नाही म्हणतो! सुधा, ऐकलंस का? भाल्या आपल्याला ओळखत नाही म्हणे."

आतून सुधाताईंचा आवाज आला, "भाऊजींना म्हणावं, वाटीतली नळी कुणी चोखून ठेवलीय परवा, ते तरी ओळखा!"

दोघं पोट धरून हसली. मी उभाच. जन्मभर थापा मारल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या; एकदा खरं बोललो तर कुणी बसायला पाट दिला नाही. महिपतरावच शेवटी म्हणाले, "उत्तर येऊ दे. त्याच्या सहीचं येईल ना? मग मला वाचता येतं."

उत्तर घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आलं. चपराशी पाकीट देऊन गेला. टाइप केलेला, लांबलचक, सरकारी शिक्क्याचा कागद. महिपतरावांनी तो माझ्याकडं दिला नाही. मजकूर त्यांना वाचता येत नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. त्यांनी कागद हातात घेतला आणि सरळ तळाशी पाहिलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. त्यांनी पहिलं अक्षर लावलं. मग थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं, जणू अक्षरं मधेच बदलतील. मग कागद सुधाताईंकडं केला, ज्यांना अक्षरसुद्धा येत नव्हतं.

"काय लिहिलंय हो भाऊजींनी?"

"फेथफुली," महिपतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे... बरोबर लिहिलंय. चूक काही नाही."

सुधाताईंना धडा पाठ होता. दोन्ही बाजू पाठ होत्या. पाटीवर चाललेलं सगळं त्या चुलीपाशी बसून ऐकत. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. मग एकदम उसळल्या. "मी जाते. आत्ता जाते त्या उपाध्यांच्या पुढच्या दारात, आणि सगळ्या आळीला सांगते, तुमच्या पोराचं पोट कुणी भरलं ते! बेलफळाचा मोरंबा म्हणे! सांगते रस्सा कसा लागायचा ते!"

"नाही."

"का नाही? त्यानं तुमचं नाव बुडवलं. पोरांनी काय सांगायचं उद्या, आम्ही कोण?"

"त्यानं बुडवलं ते कचेरीत. तो जेवला तो आपल्या घरात. घरात जेवलेल्याचं बाहेर काढायचं नसतं." आणि त्यांनी तो कागद घडी घालून कमरेला खोचला. मला म्हणाले, "गप्प्या, तुझी मगर खरी निघाली रे." त्यानंतर कितीतरी वेळ मिशीला हात गेला नाही.

दसरा आला. स्वारी निघाली. पुढं मोटारगाडी, गाडीवर नवा पितळी बँड, आणि डंका गाडीच्या मागं दोरीनं बांधलेला. इथं मी बिजलीला दावं तोडून पळवू शकलो असतो. ती भर बाजारात मोटारीसमोर येऊन उभी राहिली, इमरती खाल्ल्याशिवाय हलली नाही, साहेबांची टोपी हरप्रसादच्या कढईत पडली, असं सांगू शकलो असतो. तुम्हाला आवडलंही असतं. पण तसं झालं नाही. डंक्याचा आवाज आला तसे बिजलीनं कान टवकारले, एक पाय उचलला, आणि पाठीवर कुणी बसेना म्हणून पुन्हा खाली ठेवला. एवढंच. हरप्रसादनं कढई तापवून ठेवली होती. मोटार तिथं थांबली नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला भालचंद्र आला. नवा लांब कोट, जरीची पगडी, हातात शमीची पानं. बढती झालेली होती. सोनं द्यायला आजवर तो मागच्या दारानंच यायचा. या खेपेला बोळात आला, तिथं क्षणभर उभा राहिला, आणि का कोण जाणे, वळसा घालून पुढच्या दारानं आला. मी ओट्यावर होतो. खंडेनवमीच्या बोकडाचा रस्सा आत रटरटत होता, आणि वास असा की कोटाच्या गुंड्या आपोआप ढिल्या व्हाव्यात.

महिपतराव उठून उभे राहिले. आजवर ते भालचंद्रासाठी कधी उठले नव्हते.

"यावं, भालचंद्रराव. इकडं खुर्चीवर बसावं."

भालचंद्राचा चेहरा पडला. "दादा, हे काय? मला अहो-जाहो?"

"चहा घेणार ना आपण? सुधा, साहेबांना चहा. कपबशीतून."

त्या घरात कपबशी एकच होती, आणि ती नालबंद, तलाठी असे परके आले की निघायची. चहा आला. सुधाताई डोक्यावर पदर घेऊन आल्या, कपबशी स्टुलावर ठेवली आणि आत गेल्या. भालचंद्रानं सोनं दिलं आणि पाया पडायला वाकला. महिपतरावांनी पाय मागं घेतले. पान कपाळाला लावलं, आपल्याजवळचं एक पान त्याच्या हातावर ठेवलं आणि दोन्ही हात जोडून, बरोबरीच्या परक्या माणसाला करतात तसा, नमस्कार केला.

"दादा, साहेब समोर उभे होते. त्या वेळी तोंडातून जे निघालं ते... पुढच्या वर्षी मी स्वतः लिहून देतो. डंका परत आणतो."

"आपण कशाला तसदी घ्यावी? आपली ओळख नाही."

"दादा!"

"आपणच कळवलंत. आणि योग्य शब्दांत कळवलंत. मला वाचता येतं तेवढंच होतं ते." महिपतरावांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागवायला माणूस ओळखीचा लागतो. "आमचंच चुकलं. आम्ही शिकलो ते माणूस बघून लिहिलं."

चहा निवत होता. आतून रश्श्याचा वास पुन्हा एकदा आला, आणि मी पाहिलं, शपथ नाही घेत, पण पाहिलं: त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, कोटाच्या गळ्यातून आत शिरला, आणि बोटांनी जानवं चाचपलं. कानापर्यंत आणायला निघालेला हात त्याच्या लक्षात येईपर्यंत अर्ध्यावर होता.

महिपतरावांनीही पाहिलं. ते अगदी नम्रपणे म्हणाले, "आपल्याला तिकडं जायचं असेल तर गल्लीच्या टोकाला सोय आहे. आमच्या मागून आता रस्ता नाही."

तेव्हाच आत मागच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. सुधाताईंनी लावली. त्या दाराला कडी होती हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.